शेजार आणि सहवास

'विविधतेत एकता' हा शब्दप्रयोग आपल्याकडील व्याख्यात्यांच्या इतका अंगवळणी पडला आहे की, तो उच्चारताना विचाराचे श्रम आता कोणासच पडत नाहीत. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनास पाहुणे येतात. समोर फेटे, घागरे, नऊवारी लुगडी, शेरवान्या अशी नाना वेषांची दाटी पाहतात. आणि 'हा छोटा भारतच मजपुढे बसला आहे' असे म्हणून टाळ्या घेतात. मीरा-भाईंदरसारख्या नगरात तर हे वाक्य पाहुणे घरूनच तयार करून आणतात. टाळ्या संपल्यावर तो छोटा भारत उठून कँटीनमध्ये जातो आणि तेथे आपापल्या प्रांतांत विभागून चहा पितो. पाहुणे तोवर निघून गेलेले असल्यामुळे त्यांच्या सिद्धान्तास मात्र धक्का लागत नाही.

मला जे सांगावयाचे आहे ते असे. आपली महाविद्यालये निरनिराळ्या समाजांतील मुलामुलींस एका छपराखाली आणतात, परंतु त्यांस एकमेकांत मिसळू देत नाहीत. यात कोणाचा कपटी हेतू आहे असे मी म्हणत नाही. पण आमचे दप्तर, आमचे समारंभ आणि आम्हा प्राध्यापक मंडळींची कामाची पद्धत ही सारी त्यांस वेगळे ठेवण्याच्याच कामी येतात, आणि वर आम्हीच 'मुले तरुण आहेत, आपोआप मिसळतील' असे एकमेकांस सांगून निश्चिंत होतो. हे 'आपोआप' फार महागात पडू लागले आहे.

ज्यांस या नगराची घडण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहितो. पश्चिमेस समुद्राकाठी उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही ख्रिस्ती कोळ्यांची व शेतकऱ्यांची जुनी गावे. खाडीच्या कडेने मिठागरे, आणि त्या आगरांवर राबणारे आगरी. येथील मूळ वस्ती मुख्यतः ही. १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या शिरगणतीत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत आठ लाखांवर गेली. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक फुगलेल्या या गावात कोण आले नाही? मुंबईत जागा परवडेना म्हणून आलेली मराठी कुटुंबे आली. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांमागे व बाजारपेठेमागे मारवाडी-गुजराती आले, उत्तर प्रदेश-बिहारातील कष्टकरी आले, मल्याळी-बंगाली नोकरदार आले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील घरे सोडलेली कित्येक मुसलमान कुटुंबे मीरा रोडला नया नगरच्या आश्रयाला आली.

ही सर्व मंडळी एका गावात राहतात, असे कागदोपत्री म्हणता येईल. प्रत्यक्षात ती आपापल्या इमारतींत राहतात. अमक्या इमारतीत मासळी शिजवणारा नको, तमक्या गल्लीत अमक्या धर्माचा भाडेकरू नको, हे कोठे लिहिलेले नसते. पण दलाल ते पहिल्याच भेटीत सांगतो, आणि सभ्य माणसे ते ऐकून घेतात. अशा इमारतीत जन्मलेले मूल त्याच इमारतीतल्या मुलांबरोबर खेळते आणि पुष्कळदा आपल्याच समाजाच्या शाळेत जाते. दुसऱ्या समाजाच्या मुलाशेजारी रोज तीन-चार तास बसण्याचा प्रसंग त्याला आयुष्यात पहिल्यांदा येतो तो महाविद्यालयातच. लोकलगाडीत खांद्याला खांदा लागतो हे खरे; पण बोरिवली येईपर्यंत कोणी कोणाचे नावही विचारीत नाही. तेव्हा महाविद्यालयाची ही तीन-चार वर्षे हातची गेली तर पुन्हा संधी नाही. पुढे नोकरी, लग्न, आणि परत तीच इमारत.

या नगराचे नाव अलीकडे दोन वेळा देशभर गाजले. जानेवारी २०२४ मध्ये, अयोध्येतील मंदिराच्या प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री, नया नगरात दोन धर्मांच्या लोकांत चकमक उडाली आणि पुढचे काही दिवस मीरा रोडने दहशतीत काढले. नंतर जून २०२५ च्या अखेरीस मराठी बोलण्यावरून एका मिठाईच्या दुकानदारास मारहाण झाली. ३ जुलै रोजी व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला. त्यास उत्तर म्हणून ८ जुलै रोजी मराठी माणसांचा मोर्चा निघाला, आणि पोलिसांनी परवानगी नाकारून आधी धरपकड केल्यामुळे तो उलट मोठाच झाला. या सर्व प्रकरणात कोणाचे किती चुकले हा आजचा विषय नव्हे. मला सांगावयाचे आहे ते वर्गातले. त्या आठवड्यात मी शिकवीत असलेल्या वर्गांत भांडण झाले नाही, वादही झाला नाही. दुकानदाराच्या जातीची मुले होती, मोर्चात जाऊन आलेली मुले होती. पण त्या विषयावर एकाने दुसऱ्यास एक शब्द विचारला नाही. प्रत्येक कंपूने आपापल्या मोबाईलवरील गटात जे बोलावयाचे ते बोलून घेतले. माझे एक सहकारी मोठ्या समाधानाने म्हणाले, 'पाहा, आपली मुले किती समंजस आहेत!' मला तो समंजसपणा वाटला नाही. ज्यांचा परिचय आहे ती माणसे अशा वेळी भांडतात, रुसतात, निदान एकमेकांस टोमणे तरी मारतात. ज्यांचा परिचयच नाही ती गप्प बसतात.

हा परिचय का होत नाही, याचे मूळ मला आमच्या शिक्क्यांत दिसते. या गावात माणसावर मारावयाचे शिक्के इनमीन चार: मराठी, गुजराती-मारवाडी, उत्तर भारतीय आणि मुसलमान. शिक्का मारला की माणूस समजला, अशी आपली ठाम समजूत. आता या शिक्क्यांखाली काय काय दडपले जाते ते पाहा.

नया नगरातील मुसलमान म्हटला की तो उर्दू बोलणारा परप्रांतीय, असे धरून चालणारे मराठी लोक शेकड्यांनी भेटतात. त्याच वस्तीत रत्नागिरी-रायगडकडचा कोकणी मुसलमान राहतो. त्याच्या आजीची बोली तुमच्या-आमच्या आजीच्या बोलीला लागून असलेली. पण वर्गात आपणहून त्याच्याशी मराठी बोलावयास कोणी जात नाही, आणि तोही मग आपला हिंदीत बोलतो. 'उत्तर भारतीय' म्हणून जी मुलगी ओळखली जाते तिचे आजोबा भोजपुरी किंवा अवधी बोलत. ती स्वतः मीरा रोडला जन्मली. आजोळचे गाव तिने दोनदा पाहिले असेल. सरकारी शिरगणतीत तिची भाषा 'हिंदी' या एका नोंदीखाली जाते. २०११ च्या शिरगणतीने हिंदीच्या पोटात जे पन्नासांहून अधिक बोलींचे आकडे घातले, त्यांत एकट्या भोजपुरीचे बोलणारे पाच कोटी आणि राजस्थानीचे अडीच कोटींहून अधिक आहेत. म्हणजे भाईंदरचा मारवाडी दुकानदार आणि बलियाचा रिक्षावाला या दोघांना, जे एकमेकांची घरची भाषा धड समजू शकत नाहीत, आपण 'हिंदीवाले' म्हणून एका माळेत ओवतो.

पण सर्वांत बोलके उदाहरण उत्तनचे आहे. तेथील ख्रिस्ती मुलगा महाविद्यालयात येतो. त्याच्या घरची भाषा मराठी. तिच्यात पोर्तुगीज शब्द विखुरलेले आहेत, तसे ते आपल्या घरच्या पाव-बटाट्यातही आहेतच. त्याचे पूर्वज या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या आधीपासून मासे मारीत व भात लावीत होते. १७३९ साली वसई मराठ्यांच्या हाती आली तेव्हाही ते येथेच होते. या मुलाने वर्गात तोंड उघडले की शेजारचा, दहा वर्षांपूर्वी डोंबिवलीहून येथे राहावयास आलेला, मराठी मुलगा कौतुकाने म्हणतो, 'अरे वा, तू मराठी छान बोलतोस हो!' या कौतुकाइतका क्रूर अपमान मी फार थोडा पाहिला आहे. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापून झाले, खाडीपलीकडच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि तेव्हाही नाके मुरडणारे निघालेच. हे सारे त्या मुलाने सांगावे तरी कोणाला?

गंमत अशी की, त्याच्या समाजाचे 'ईस्ट इंडियन' हे नावदेखील दप्तराच्या सोयीतून जन्मले आहे. रेल्वे व गिरण्यांच्या भरभराटीत गोवेकर व मंगळूरकर ख्रिस्ती नोकऱ्यांसाठी मुंबईस येऊ लागले. सगळ्यांची नावे पोर्तुगीज वळणाची, तेव्हा कोण कोणाचा ते साहेबाला कळेना. म्हणून येथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी, आपण ईस्ट इंडिया कंपनीचे जुने प्रजाजन आहो हे ठसविण्यासाठी, हे नाव घेतले व १८८७ साली, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, आपली संस्था स्थापन केली. कंपनी गेली, राणी गेली, पण शिक्का अजून आहे. आणि शिक्क्यावर इंग्रजी अक्षरे असल्यामुळे आतला मराठी माणूस मराठी माणसाला दिसेनासा झाला आहे.

हा रोग आपल्याच देशापुरता आहे असे नव्हे. अमेरिकेतील विद्यापीठांत 'लॅटिनो' विद्यार्थ्यांविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. ते वाचताना मला वारंवार भाईंदरची आठवण झाली. तेथील सरकारने १९८० च्या शिरगणतीत साऱ्या नागरिकांस 'तुम्ही स्पॅनिश वंशाचे आहात काय' हा प्रश्न घातला, आणि स्पॅनिश मुळाच्या निरनिराळ्या लोकांची एका रकान्यात मोजणी होऊ लागली. १९९२ साली कायद्याने असे ठरविले की, ज्या महाविद्यालयात या रकान्यातील विद्यार्थी निदान पाव हिस्सा आहेत त्यास वेगळा दर्जा मिळावा. या रकान्यात कोण आहेत? १८४८ च्या तहाने ज्यांचा मुलूखच मेक्सिकोतून अमेरिकेत गेला अशांचे वंशज आहेत, आणि काल सरहद्द ओलांडून आलेल्या शेतमजुराची मुलगीही आहे. १९१७ पासून अमेरिकेचा नागरिक असलेला प्वेर्तो रिकोचा मुलगा आहे. कॅस्ट्रोच्या क्रांतीनंतर मालमत्ता सोडून आलेल्या क्यूबन व्यापाऱ्याचा नातू आहे. घरी माया कुळातील बोली बोलणारी, आणि स्पॅनिश शाळेत शिकलेली ग्वातेमालाची मुलगी आहे. ही सारी मुले विद्यापीठाच्या अहवालात एक आकडा होतात. उपाहारगृहात एका मेजाभोवती बसलेली पाहून अधिकारी म्हणतात, हे आपापसातच बसतात. त्या मेजाभोवतीच किती देश आहेत, आणि ज्याला स्पॅनिश येत नाही अशा तिसऱ्या पिढीच्या मुलाला त्याच मेजावर किती टोचणी सहन करावी लागते, हे अहवालात येत नाही.

शिक्का मोजणीसाठी व हक्कासाठी लागतो, हे मला मान्य आहे. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांस आपल्या संस्था चालविण्याचा हक्क दिला आहे, आणि आपल्या राज्यात अशा महाविद्यालयांतील निम्म्या जागा त्या त्या समाजासाठी राखल्या जातात. त्या हक्काविरुद्ध माझी तक्रार नाही. ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते त्यांनी स्वतःचे घर बांधले, तर त्यात वावगे काय? तक्रार आहे ती प्रवेशाचा शिक्का प्रवेशानंतरही पुसला जात नाही याविषयी. आणि याबाबतीत आपल्या महाराष्ट्राच्याच इतिहासात एक धडा असता आपण तो विसरलो, याची मला खंत वाटते.

शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी निरनिराळी वसतिगृहे उभी करविली. त्या काळी एकत्र वसतिगृह काढले असते तर त्यात एकाच वर्गाची मुले राहिली असती. म्हणून ते शहाणपणाचेच होते. त्यांपैकी जैन वसतिगृहात भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी होता. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास तो गेला, परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्याने नकार दिला, आणि त्याबद्दल त्यास बाहेर काढण्यात आले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले असते. पुढे याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यास जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातिधर्मांची मुले एका चुलीवर शिजवून एका पंगतीत जेवू लागली. दळणे, पाणी भरणे, लाकडे फोडणे ही कामे वाटून करू लागली. त्यास नाव मात्र दिले शाहू महाराजांचेच. मुलांना शाळेपर्यंत आणण्यास वेगळी घरे लागली, आणि आल्यावर एकत्र चूल लागली. पहिल्या कामासाठी एक राजा झिजला, दुसऱ्यासाठी एक कर्मवीर. आज आमच्यापाशी पहिल्या कामाची सारी यंत्रणा आहे: अर्ज, दाखले, रकाने, याद्या. दुसऱ्या कामासाठी आहे काय? तर वर्षातून एकदा 'ट्रॅडिशनल डे'!

या 'ट्रॅडिशनल डे'चा मी मनापासून तिटकारा करतो. ज्या मुलाला वर्षभर कोणी घरी बोलावले नाही तो त्या दिवशी आपल्या शिक्क्याचा पोशाख भाड्याने आणून घालतो, आणि सर्वजण त्याच्याबरोबर छायाचित्रे काढून घेतात. शिक्का पुसण्याऐवजी त्याला जरीची किनार लावण्याचा हा समारंभ आहे. उत्तनची मुलगी आपले लाल चौकड्यांचे लुगडे नेसून आली तर तिला परीक्षक विचारतात, हे कोणत्या राज्यातले?

आता भाषेविषयी, कारण जुलै २०२५ नंतर या गावात भाषेस टाळून काही बोलणे हा भित्रेपणा होईल. या नगरात मराठी चालली पाहिजे, एवढेच नव्हे तर ती येथील सर्वांची सामाईक भाषा झाली पाहिजे, या मताचा मी आहे. 'हिंदीत सगळ्यांचे भागते, मग मराठी कशाला?' असे म्हणणारे सद्गृहस्थ ज्या भूमीवर घर घेतात, जिच्या पाण्यासाठी व रस्त्यासाठी भांडतात, तिच्या भाषेलाच तेवढे परके मानतात. हा उद्धटपणा आहे, आणि त्यास विश्वबंधुत्वाचे नाव दिल्याने तो लपत नाही. परंतु चपराक मारून जी मराठी वदविली जाते ती तोंडातून बाहेर पडताक्षणी संपते. २०२० च्या कायद्याने शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला अभिजात दर्जाही मिळाला. तेव्हा आज महाविद्यालयात येणाऱ्या गुजराती वा बिहारी मुलाने मराठीचे धडे वाचलेले आहेत, उत्तरे लिहिलेली आहेत. त्याच्याशी मराठीत गप्पा मारलेला एकही मित्र मात्र त्याला नाही. का नाही? तर तो तोंड उघडून 'मला... मदत पाहिजे' असे अडखळत म्हणतो न म्हणतो तोच आपला मराठी मुलगा 'अरे बोल ना, क्या चाहिए?' असे म्हणून त्याची सुटका करतो. ही सुटका म्हणजेच हकालपट्टी आहे. बाहेर ज्या भाषेसाठी मोर्चे निघतात, तिच्या अंगणात पाहुण्याला दोन पावले टाकू देण्याइतका धीर आपल्या मुलांना नाही, आणि तो असावा असे त्यांस कोणी शिकविलेही नाही.

'आपोआप मिसळतील' या मताला उत्तर म्हणून मी एका परक्या पंडिताची साक्ष काढतो, कारण आपल्याकडे परक्याची साक्ष लवकर पटते. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांविषयीच्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, निरनिराळ्या समाजांची माणसे नुसती जवळजवळ आल्याने पूर्वग्रह जात नाहीत, प्रसंगी वाढतातही. ते कमी व्हावयाचे तर माणसे समान पायरीवर भेटली पाहिजेत, त्यांच्यापुढे एक काम असावे, ते काम एकमेकांच्या साहाय्यावाचून होऊ नये, आणि वरिष्ठांचा त्यास उघड पाठिंबा असावा. साताऱ्याच्या चुलीवर हे चारही घटक ऑलपोर्टच्या तीस वर्षे आधी शिजत होते. आमच्या महाविद्यालयांतही ते एका ठिकाणी आढळतात: १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात. खेड्यातल्या शाळेत सतरंज्यांवर झोपलेली, पहाटे पाण्यासाठी रांगेत उभी राहिलेली, करपलेली भाजी एकमेकांच्या माथी मारणारी मुले परत येतात तेव्हा त्यांची बसावयाची जागा बदललेली असते. एका शिबिराहून आलेली जैन मुलगी व आगरी मुलगी यांची मैत्री मी पाहिली आहे. एकीने दुसरीच्या घरचे काही खाल्ले नाही, पण दोघी तीन वर्षे एकाच बाकावर बसल्या, आणि जैन मुलीच्या मराठीत आगरी हेल आला. तिच्या आईवडिलांस तो आवडला नाही म्हणतात.

शिबिरास सगळी मुले जात नाहीत, हे खरे. पण नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प व समाजसंपर्काची कामे घातली आहेत, ती तर सर्वांनाच करावी लागतात. त्यासाठी गट कसे पाडले जातात? प्राध्यापक म्हणतात, 'आपापले गट करून नावे द्या.' झाले! मारवाड्यांचा गट शेअरबाजारावर, नया नगरचा गट आपल्याच गल्लीवर, मराठी मुलांचा गट गणेशोत्सवावर प्रकल्प आणून देतो. ज्ञानाची एवढी काटकसर दुसऱ्या कोणत्या देशात होत असेल असे मला वाटत नाही. गट प्राध्यापकाने पाडावेत. एका गटात एका शिक्क्याची दोन मुले येऊ नयेत. आणि काम असे द्यावे की, ते गावात हिंडल्यावाचून व गावकऱ्यांशी मराठीत बोलल्यावाचून पुरे होऊ नये. उत्तनच्या बंदरावर मासळीचा लिलाव कसा होतो, ओटीवर बसलेली कोळीण हिशेब कसा ठेवते, भाईंदरची मिठागरे का ओस पडली, भांड्यांच्या कारखान्यातील कामगार कोठून आला व कोठे झोपतो, नया नगरातल्या कोकणी आजीला कोणत्या ओव्या येतात: विषयांची वाण नाही. त्या गटात उत्तनच्या मुलाला दुभाष्या व्हावे लागेल, मारवाड्याच्या मुलाला हिशेब तपासावा लागेल, आणि डोंबिवलीहून आलेल्या आपल्या मराठी मुलाला कोळणीची मराठी पहिल्यांदा समजणार नाही. ती समजावून सांगताना उत्तनच्या मुलाने त्याला 'तुझी मराठी छान आहे हो' असे म्हटले, तर त्या प्रकल्पास मी डोळे मिटून पूर्ण गुण देईन.

यावर सहकारी म्हणतात की, पालक तक्रार करतील. मुली नया नगरात जाणार नाहीत, मुलगे बंदरावरचा वास सहन करणार नाहीत. शिवाय गट पाडावयाचे तर जातीधर्माची यादी हवी, आणि ती कोठून आणावयाची? यादी कशाला हवी? वर्गात कोण कोणाजवळ बसते ते दोन दिवस पाहिले की पुरे. पालकांची तक्रार येईल हे मात्र खरे आहे. ती येऊ द्यावी, आणि प्राचार्यांनी ती ऐकून घेऊन गट जसेच्या तसे ठेवावेत. पुढील सत्राच्या प्रकल्पांची नावे जूनमध्ये द्यावयाची असतात. अर्जाच्या कागदावर 'गटातील विद्यार्थ्यांची पसंती' असा एक रकाना आहे. तो छापण्यापूर्वीच काढून टाकावा.